सोनं मोडू का, पुण्याला जाऊ का?

पत्र सोलापुरातून आलंय. थोडं आवरून देते.

"ताई, नमस्कार. आम्ही पूर्व भागात राहतो. घरात तेलुगू बोलतो, माझी दहावी मराठीतून झाली. मिस्टर यंत्रमागावर आहेत, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. सासूबाई घरी विड्या वळतात. मुलगा तीन वर्षं चार महिन्यांचा आहे. दीड वर्षाचा होता तेव्हा 'अम्मा', 'दा' असे आठ-दहा शब्द बोलायचा, मग हळूहळू बंदच झाला. हाक मारली तर बघत नाही. मागाच्या सूत गुंडाळायच्या रिकाम्या कांड्या रंगाप्रमाणे ओळीत लावत बसतो, ओळ मोडली की डोकं आपटतो. खाली माग चालू असतात तरी गाढ झोपतो, पण मिक्सर लावला की कान झाकून किंचाळतो. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला नेलं तर दहा मिनिटांत परत आणावं लागलं. गेल्या महिन्यात डॉक्टर दहा मिनिटांत 'ऑटिझम आहे' म्हणाले. घरात एकच भाषा बोला, तीही मराठी, असं सांगितलं. सासूबाई म्हणतात त्याचा बापपण चार वर्षांचा होऊन बोलला, याला दृष्ट लागली. मिस्टर फाइल कपाटात ठेवून गप्प आहेत. शेजारी म्हणतात सोलापुरात काही नाही, पुण्याला जाऊन राहा. एका ठिकाणी पेशींचं इंजेक्शन देऊन सहा महिन्यांत बरा करतो म्हणाले, दीड लाख सांगितले. माझं थोडं सोनं आहे. मोडू का? की सगळं सोडून पुण्याला जाऊ? लसीनंतरच हे झालं का? माझं काही चुकलं का?"

ताई,

सोनं मोडू नका. बाकीचं पत्र सावकाश वाचलंत तरी चालेल, एवढं मात्र आधी ऐका.

ऑटिझम ही मेंदूची घडण आहे, आणि ती आईच्या पोटातच ठरायला लागते. ती बदलणारं इंजेक्शन जगात कुठंच नाही. झोप लागत नसेल, चिडचिड हाताबाहेर जात असेल, मूल स्वतःला इजा करत असेल, तर डॉक्टर त्या त्रासापुरतं औषध देतात आणि गरज असेल तर ते घ्यावंही. मूलपेशींचं, म्हणजे स्टेम सेलचं म्हणाल, तर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत तो उपचार रक्ताच्या वगैरे ठरावीक आजारांपुरताच मान्य आहे. ऑटिझम त्यात नाही. बाकी सगळं संशोधनात मोडतं, आणि संशोधनात भाग घेणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नसतात. तुमच्याकडे दीड लाख मागितले, यातच सगळं आलं. "सहा महिन्यांत बरा करतो" हे वाक्य ज्याच्या तोंडून येईल, त्याच्या दारातून तशाच माघारी फिरा.

आता तुम्ही अगदी शेवटी, एका ओळीत विचारलेला प्रश्न. माझं काही चुकलं का?

नाही. गरोदरपणी तुम्ही काय खाल्लंत, ग्रहणात बाहेर पडलात का, मागाच्या आवाजात राहिलात का, मूल लहान असताना कामावर गेलात का, यातल्या कशानंही हे झालेलं नाही. लिओ कॅनर नावाच्या डॉक्टरांनी १९४३ साली अमेरिकेत अकरा मुलांची हकीकत लिहून ऑटिझमची ओळख करून दिली. त्यानंतर कितीतरी वर्षं डॉक्टर मंडळीच म्हणत राहिली की आईनं माया केली नाही म्हणून मुलं अशी होतात. ते धादांत खोटं होतं आणि पुढे खोटं ठरलंही. पण तोवर किती आयांनी ते ओझं वाहिलं असेल, याचा विचार आला की मला आजही राग येतो. यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, एवढं आता पक्कं ठाऊक आहे. म्हणून सासूबाई "त्याचा बापपण उशिरा बोलला" म्हणतात ते उडवून लावू नका, डॉक्टरांना आवर्जून सांगा. मात्र नुसतं उशिरा बोलणं वेगळं आणि आलेले शब्द जाणं वेगळं. शब्द गेले, हाकेला ओ देणं थांबलं, तर वाट बघत बसायचं नसतं. तुम्ही दाखवायला नेलंत, ते योग्यच केलंत.

लसीचंही सांगते. आपल्या सरकारी वेळापत्रकात गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणीचा बूस्टर सोळा ते चोवीस महिन्यांत देतात. ऑटिझम असलेल्या काही मुलांचे आलेले शब्द जातात, तेही साधारण याच वयात. दोन्ही एका वेळी घडतं, म्हणून आईच्या मनात त्यांची गाठ बसते. १९९८ साली एका ब्रिटिश डॉक्टरनं अवघ्या बारा मुलांवरून लसीकडे बोट दाखवलं होतं. तो लेख २०१० मध्ये वैद्यकीय नियतकालिकानं मागे घेतला आणि त्या डॉक्टरची सनदही गेली. २०१९ मध्ये डेन्मार्कमधल्या ६,५७,४६१ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत काही फरक दिसला नाही. पाच वर्षांचा झाला की पुढचा बूस्टर असतो, तो चुकवू नका.

दहा मिनिटांत निदान झालं, हे मात्र मला पटलेलं नाही. निदान बरोबर असेलही, तुम्ही लिहिलेल्या खुणा तिकडेच बोट दाखवतात. पण एवढी मोठी गोष्ट सांगायला डॉक्टरांनी मुलाला खेळताना बघायला हवं, तुमच्याकडून जन्मापासूनची माहिती घ्यायला हवी आणि सगळं लेखी द्यायला हवं. आपल्याकडे त्यासाठी चाळीस मुद्द्यांची एक तपासणी आहे, आय-एस-ए-ए म्हणतात तिला. पुढे दिव्यांग प्रमाणपत्रालाही ती लागते. "ती केली का, अहवाल द्याल का?" असं विचारा. विचारण्यात उद्धटपणा काही नाही. आणि कानाची तपासणी झाली नसेल तर ती सगळ्यांच्या आधी. बेरा नावाची तपासणी असते, मुलाला झोपवून करतात. तो मिक्सरला कान झाकतो म्हणजे त्याला सगळं नीट ऐकू येतं असं धरून चालायचं नाही. सिव्हिलच्या कान-नाक-घसा विभागात चौकशी करा. अंगणवाडी ताईंनाही भेटा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, त्यांनी चिठ्ठी दिली की पुढची तपासणी आणि थेरपी जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रामार्फत मोफत होऊ शकते.

आता पुण्याचं. एकदा जरूर जा. मुलांच्या वाढीचे तज्ज्ञ तिथं आहेत, हुतात्मा एक्स्प्रेसनं सकाळी जाऊन रात्री परत येता येतं. नीट तपासून घ्या, घरी काय करायचं ते लिहून आणा, सहा महिन्यांनी परत दाखवा. राहायला मात्र जाऊ नका. मिस्टरांचं काम सुटेल, सासूबाई इकडे एकट्या पडतील, दोन खोल्यांच्या भाड्यात महिना संपेल, आणि ज्या घराची, ज्या माणसांची, खालच्या ज्या मागांची मुलाला सवय आहे ते सगळं एका दिवसात नाहीसं होईल. अशा मुलांना सर्वांत जड जातो तो बदलच. आणि तिथं तरी मिळणार काय? आठवड्यातून दोन-तीन तास थेरपी. उरलेला आठवडा मूल तुमच्याचजवळ असणार.

हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगत नाही. गोवा आणि रावळपिंडी या दोन ठिकाणी पासष्ट मुलांवर एक अभ्यास झाला, २०१६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यात मोठे डॉक्टर नव्हतेच. प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते आई-वडिलांबरोबर बसायचे, मुलाशी खेळतानाचा त्यांचा व्हिडिओ काढायचे आणि तोच त्यांना दाखवून म्हणायचे, बघा, इथं त्यानं तुमच्याकडे पाहिलं आणि तुमचं लक्ष नव्हतं. एवढ्यानं आई-वडील मुलाच्या कलानं घ्यायला लागले, आणि मुलं आपणहून त्यांच्याकडे यायला लागली. माणसं आपल्यासारखीच, घरंही आपल्यासारखीच.

म्हणून आता कांड्यांकडे येते. तुमच्या पत्रातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट तीच आहे. तुम्ही ती दोष म्हणून लिहिलीत.

कुणीतरी तुम्हाला सांगितलं असेल की ओळी लावणं वाईट, कांड्या काढून घ्या. काढून घेऊ नका. तुमच्या तीन वर्षांच्या मुलाला रंग वेगळे करता येतात, क्रम लक्षात राहतो, एक कांडी सरकली तरी कळतं. त्याचं सगळं मन तिथं आहे, तर आपण तिथं जायचं.

दुपारी जेवणं झाली की त्याच्याशेजारी फरशीवर बसा. समोर नको, थोडं बाजूला, त्याला मान वर करावी लागणार नाही असं. पहिले दोन दिवस काही करू नका, नुसतं बसा. तिसऱ्या दिवशी थोड्या कांड्या तुमच्या ओच्यात घ्या. त्याची लाल ओळ चालू असेल तर लाल कांडी उचलून त्याच्या हाताजवळ धरा आणि "एर्र" (लाल) म्हणा, बस. बोलायला लावू नका, "हे काय? सांग ना, सांग" नको. तो घेईल. पुढची द्या. सात-आठ कांड्या अशा गेल्या की एक हातात धरून थांबा. मनात दहापर्यंत मोजा. दहा आकडे फार लांब वाटतात, तोंडून शब्द निसटू बघतो, पण गप्प राहा. तो कांडीकडे बघेल, तुमच्या हाताकडे बघेल, आणि एखाद्या दिवशी हातावरून नजर वर सरकून तुमच्या तोंडावर येईल, अर्धा क्षण. त्या अर्ध्या क्षणाला लगेच कांडी द्या. तुमच्याकडे बघितलं की काहीतरी मिळतं, हे त्याला तेव्हा कळलेलं असेल. बोलण्याची सुरुवात इथून होते, शब्द त्याच्या बरेच मागून येतात.

दिवसातून तीनदा, दहा-दहा मिनिटं. तो उठून गेला तर जाऊ द्या. ओळ तुम्ही होऊन मोडू नका, कौतुक म्हणूनसुद्धा नाही. आवरायची वेळ झाली की कांड्या ठेवायचा डबा आधी त्याला दाखवा, मग एकेक कांडी त्यालाच आत टाकू द्या.

तेलुगूचं मी मुद्दाम वेगळं लिहिते, कारण आपल्या सोलापुरात हा सल्ला फार जणींना मिळतो आणि त्यानं फार नुकसान होतं. दोन भाषा कानावर पडल्यानं ऑटिझम असलेल्या मुलाचं बोलणं आणखी मागे पडतं, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. आणि इथं घरात तेलुगू, गल्लीत कन्नड, दुकानात मराठी, टीव्हीवर हिंदी. एकच भाषा ठेवायची म्हटली तरी ठेवणार कशी? माझ्याकडे येणाऱ्या अशाच एका घरात आईनं मराठीचा नियम कडक पाळला होता. तिची मराठी बाजारापुरती होती. मुलाशी ती बोलायची ती एवढंच, "इकडे ये", "बस", "नको", "खा". अंगाई बंद, लाडाचे शब्द बंद, आंघोळ घालतानाची बडबड बंद. आई त्याच्याशी सहा महिने हुकमाच्याच भाषेत बोलत राहिली. मी तिला म्हटलं, तुझ्या भाषेत बोल, आणि ती तिथंच माझ्यासमोर त्याला मांडीवर घेऊन तेलुगूत बोलायला लागली ती थांबेचना.

तुम्हीही तुमच्याच भाषेत बोला. वाक्यं आखूड ठेवा, एकेक दोन-दोन शब्दांची, पण ती तेलुगू असू देत. त्याचे गेलेले शब्दही तेलुगूच होते ना? स्पीच थेरपी सुरू झाली की वीस घरगुती शब्दांची यादी मराठी लिपीत लिहून थेरपिस्टना द्या, पाण्याला आम्ही काय म्हणतो, दुधाला काय, बाहेर जायला काय. तो "नीळ्ळू" म्हणाला तर ते पाणीच मागणं आहे, हे त्यांना कळायला हवं.

पाण्यावरून माझी एक चूक सांगते. अशा मुलांना शिकवायच्या कामात मी नवी होते तेव्हा आम्हाला शिकवलं होतं की मूल शब्द बोलल्याशिवाय वस्तू द्यायची नाही. उन्हाळ्याचे दिवस, सोलापूरचा मे महिना. पाच वर्षांचा एक मुलगा माझा हात धरून मला माठाकडे नेत होता आणि मी पेला उंच धरून म्हणत होते, "पाणी म्हण, पाणी." तो रडला, जमिनीवर आडवा पडला, शेवटी माझ्या हाताला चावला. मी त्याच्या वहीत "हट्टी" असं लिहिलं. तो मला धरून माठापर्यंत नेत होता, बोट लावून दाखवत होता, याहून स्पष्ट माणूस काय बोलेल? ती वही अजून माझ्याजवळ आहे. तुमचा मुलगा तुमचा हात ओढून कुठं नेत असेल, तर ते त्याचं बोलणं समजा. लगेच द्या, देताना तो शब्द एकदा म्हणा. मोबाइलवर माठाचा, दुधाच्या भांड्याचा, चपलांचा, बाथरूमच्या दाराचा, कांड्यांच्या डब्याचा फोटो काढा, स्टुडिओतून छापून आणा आणि भिंतीला त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर चिकटवा. तो फोटोला हात लावेल तेव्हा ती वस्तू द्या. फोटोची सवय लागली तर बोलणार नाही, असं लोक म्हणतील. तसं होत नाही, उलट बऱ्याच मुलांना त्याचा बोलायलाच आधार होतो.

मोबाइलनं ऑटिझम होत नाही, हेही जाता जाता. पण मोबाइल कुणासाठी थांबत नाही, मुलाच्या नजरेची वाट बघत नाही. म्हणून कमी करा, आणि जेवताना तर नकोच.

मिस्टरांबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत. गप्प बसलेला बाप म्हणजे बेफिकीर बाप, असं लगेच धरू नका. त्यांच्याशी फाइलबद्दल बोलायला जाऊ नका, एक काम द्या. आपल्या घरात दुसरं काही नसलं तरी चादर असतेच. एक टोक त्यांनी धरायचं, एक तुम्ही, मुलाला मधे घेऊन झोका द्यायचा. आपली जाड चादर अंगाभोवती घट्ट बसते, आणि तसं दाबून धरलेलं पुष्कळ मुलांना सुखाचं वाटतं. पाच झोके द्या आणि थांबा. चादर तशीच धरून ठेवा. तो हलेल, पाय झाडेल, एखादा आवाज काढेल, वर बघेल. त्यानं काहीही केलं की "इंका?" (आणखी?) म्हणायचं आणि परत झोका. रातपाळीच्या आठवड्यात संध्याकाळी कामावर निघण्याआधी, दिवसपाळीत आल्यावर, रोज त्याच वेळी. मुलाला त्या वेळेची सवय लागेल आणि एक दिवस तो स्वतः चादर ओढत बापाकडे जाईल. फाइलचं बोलणं त्यानंतर आपोआप निघेल. मी तसं होताना पाहिलं आहे.

सासूबाईंना दृष्ट काढू दे. मीठमोहऱ्यांनी मुलाचं काही बिघडत नाही आणि त्यांच्या जिवाला तेवढंच समाधान. सिद्धेश्वराला नवस बोलल्या असतील तर तोही फेडा. मात्र धूर, अंगाला चटके, कुणी सांगितलेली पुडी, यातलं काही नको, तिथं तुम्ही आणि मिस्टरांनी मिळून ठाम राहायचं. गहू आणि दूध बंद करा असंही कुणी सांगेल. त्यानं ऑटिझम कमी होतो असं दिसलेलं नाही, आणि मोजकंच खाणाऱ्या मुलाचं दूध तोडलं तर तो वाळेल. त्याला कडक भाकरीसारखं कुरकुरीतच आवडत असेल तर तेच ताटात ठेवा आणि शेजारी नव्या पदार्थाचा एक घास नुसता ठेवा, आग्रह न करता.

सासूबाईंना एक गोष्ट हात जोडून सांगा. तंबाखूचं सूप मुलाच्या हाताला लागेल असं ठेवायचं नाही. यातली बरीच मुलं हाताला येईल ते तोंडात घालतात, आणि कोरडी तंबाखू लहान मुलाच्या पोटात जाणं फार धोक्याचं. दुसरं त्याहून महत्त्वाचं. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून घरोघर हौद आणि पिंपं भरलेली असतात. ऑटिझम असलेल्या बऱ्याच मुलांना पाण्याची ओढ असते, दार उघडं दिसलं की न सांगता निघून जायची सवय असते, आणि हाक मारली तर ती ओ देत नाहीत. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की काय होतं ते मला लिहायचं नाही. हौदाला झाकण आणि झाकणाला कुलूप, पिंपांवर जड झाकणं, बाहेरच्या दाराला वरची कडी. हे पत्र वाचून झालं की आजच करा. त्याच्या शर्टाला आतून तुमचा फोन नंबर शिवा. गल्लीतल्या चार घरांना आणि कोपऱ्यावरच्या दुकानदाराला सांगून ठेवा की हा एकटा दिसला तर धरून ठेवा आणि फोन करा. लाजू नका. लोकांना सांगितलं की लोक मदत करतात, लपवलं की नुसतं बघत राहतात.

मागाचा आवाज चालतो आणि मिक्सरचा नाही, याचं तुम्हाला कोडं पडलंय. मागाचा खडखडाट जन्मापासून तोच आहे, एका लयीत, दिवसरात्र. मिक्सर अचानक सुरू होतो, कर्कश असतो आणि कधी थांबेल ते त्याला कळत नाही. मिक्सर लावण्याआधी त्याला भांडं दाखवा, बाहेर अव्वाकडे, म्हणजे आजीकडे बसवा, मग लावा. काही दिवसांनी बटण त्यालाच दाबू द्या, कदाचित त्याला सोसेल. गड्ड्यालाही असंच. पुढच्या संक्रांतीला रात्रीच्या गर्दीत आणि शोभेच्या दारूकामाला नेऊ नका. दुपारी जत्रेचं होम मैदान रिकामं असतं तेव्हा न्या, एकच पाळणा लांबून दाखवा, कान झाकायचे हेडफोन मिळतात ते घाला आणि तो कंटाळायच्या आत परत फिरा. चार वर्षांत तो कदाचित जत्रेतल्या नंदीध्वजांची मिरवणूक बघायला उभा राहील, कदाचित राहणार नाही. दोन्ही चालेल.

कागदपत्रांचं थोडक्यात. ऑटिझम हा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांपैकी एक आहे. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरा, तपासणी सरकारी रुग्णालयात होते. लहान मुलाचं प्रमाणपत्र बहुधा मुदतीचं असतं, मुदत संपली की परत तपासतात. ते हातात आलं की केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत नाव घाला, वर्षाला एक लाखापर्यंतचा विमा आहे आणि थेरपीचा खर्चही त्यात बसतो. एसटीची सवलतही प्रमाणपत्रावरच मिळते. "शिक्का बसेल" म्हणून मिस्टर थांबवतील. ते कार्ड कपाटात राहतं, कुणी विचारल्याशिवाय कुणाला दिसत नाही. शाळेची घाई नको, आत्ता अंगणवाडीत अर्धा तास बसला तरी पुष्कळ आहे. पुढे शाळेनं "आमच्याकडे अशी मुलं घेत नाही" म्हटलं, तर तसं म्हणायचा त्यांना अधिकार नाही हे लक्षात ठेवा, आणि मला परत लिहा.

तो बोलेल का, हे तुम्ही पत्रात विचारलंच नाहीत. विचारायचं धाडस झालं नसेल. ऑटिझमची कितीतरी मुलं पुढे बोलतात, काही वाक्यांत, काही मोजक्या शब्दांत, काही चित्रं दाखवून किंवा फोनवर टाइप करून. तीन वर्षांच्या मुलाकडे बघून तो यातला कोणता होईल हे कुणीच सांगू शकत नाही, आणि जो छातीठोक सांगतो त्याचं ऐकू नका. डॉक्टरांनी सांगितलं त्या आदल्या रात्री जो तुमच्या कुशीत झोपला, तोच आजही झोपणार आहे.

तुम्ही जेवता का वेळेवर? पत्र रात्री दीड वाजता लिहिलंय, तुम्हीच तसं लिहिलंय. आठवड्यातून दोन संध्याकाळी एक तास मुलगा बापाकडे किंवा अव्वाकडे ठेवा आणि बाहेर पडा. देवळात जा, मैत्रिणीकडे जा, तळ्याकाठी नुसत्या बसा.

महिन्याभरानं मला परत लिहा. वहीत फार काही टिपू नका, एवढंच लिहून ठेवा की कोणत्या रंगाची कांडी हातात धरून थांबलात तेव्हा त्यानं वर बघितलं.